निर्जन बेटावर कोणते सोल कलाकार न्याल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा खेळ खेळणाऱ्यांकडून तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. आधी साधे प्रश्न, मग वादाचे, शेवटी पळवाटांचे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे. मतं माझी आहेत, तेव्हा भांडायला पूर्ण मुभा.

१. हा बेटाचा खेळ नक्की काय आहे? नियम कोणी ठरवले?

१९४२ साली रॉय प्लम्ली यांनी बीबीसी रेडिओवर ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ सुरू केलं. पाहुण्याला विचारायचं, निर्जन बेटावर एकटे अडकलात तर कोणत्या आठ रेकॉर्ड जवळ हव्यात? बायबल आणि शेक्सपिअर तिथे असतातच. शिवाय आवडीचं एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू नेता येते. कार्यक्रम अजून चालू आहे.

आपण त्यात थोडा बदल केलाय. आठ रेकॉर्डऐवजी आठ सोल कलाकार (सोल म्हणजे काय ते प्रश्न २मध्ये), आणि प्रत्येकाचा एकच अल्बम. कलाकार निवडला म्हणून त्याची सगळी कारकीर्द सोबत येत नाही. नियम जाचक आहे हे मान्य, पण तो काढला तर खेळात राम राहत नाही. आणि आठात किती थोर माणसं बसवली याचे इथे गुण नाहीत. तोच अल्बम दोनशेव्यांदा लावताना हात आखडणार नाही ना, तेवढं बघायचं.

२. ‘क्लासिक सोल’ कुठून कुठपर्यंत धरायचं?

ढोबळमानाने १९५४ ते १९७९. १९५४च्या अखेरीस रे चार्ल्सचं ‘आय गॉट अ वुमन’ आलं. टाळ्या, हाकारे, चढत जाणारा आवाज हे सगळं कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं, आणि शब्द मात्र बाईबद्दलचे. देवाची चाल बाजारात नेली म्हणून धार्मिक मंडळी खवळली, आणि तरुण पोरांनी गाणं डोक्यावर घेतलं. गॉस्पेल (चर्चमधली धर्मगीतं) आणि ऱ्हिदम अँड ब्लूज (कृष्णवर्णीयांचं ठेक्याचं लोकप्रिय संगीत) यांचं हे मिश्रण म्हणजे सोल. गायक एक ओळ टाकतो आणि मागचे ती झेलून परत देतात. कीर्तनात बुवांनी सोडलेली ओळ टाळकरी उचलतात, त्यातलाच हा प्रकार. ती देवाणघेवाण एकदा कानाला लागली की सोल ओळखायला दुसरी खूण लागत नाही.

शेवटाबद्दल वाद आहे. मी १९७९ला रेघ मारतो, कारण तोवर डिस्कोने सगळा बाजार व्यापला होता. गायिका शेरॉन जोन्स अनेकांना आवडते, मलाही आवडते. तिचे २००२नंतरचे अल्बम डोळे मिटून ऐकले तर १९६६चे वाटतात. पण ती दुसऱ्या बेटावर.

३. मला सोलमधलं काहीही माहीत नाही. कुठून सुरू करू?

तीन अल्बम, याच क्रमाने: अल ग्रीनचा ‘लेट्स स्टे टुगेदर’ (१९७२), ओटिस रेडिंगचा ‘ओटिस ब्लू’ (१९६५) आणि अरीथा फ्रँकलिनचा ‘लेडी सोल’ (१९६८). पहिला कोणालाही पहिल्या झटक्यात आवडतो. दुसरा ऐकल्यावर आवाज फाटणं म्हणजे काय ते कळतं. तिसऱ्यात दोन्ही आहे.

मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ने सुरुवात करू नका. सगळे तोच सुचवतात आणि तिथेच घोटाळा होतो. त्यातली गाणी एकातून एक वाहत जातात. स्वयंपाक करताना मागे लावून ठेवला तर अर्धा तास छान गेला असं वाटतं आणि हाती काही लागत नाही. त्याच्याबद्दल प्रश्न ८मध्ये.

४. सगळं सोलच, मग एकाचा आवाज इतका कोरडा आणि दुसऱ्याचा इतका तुळतुळीत का?

कारण तुम्ही गायकाबरोबर एक खोली ऐकत असता. प्रत्येक कंपनीचा ठरलेला स्टुडिओ, त्यात रोज हजेरी लावणारे ठरलेले वादक. गायक यायचे, जायचे. यादी करताना हे डोक्यात असलं तर आठही अल्बम एकाच खोलीतले निघत नाहीत.

मेम्फिसमध्ये जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन यांनी ईस्ट मॅक्लेमोर अ‍ॅव्हेन्यूवरचं जुनं कॅपिटल थिएटर घेतलं आणि दोघांच्या आडनावांतली पहिली दोन-दोन इंग्रजी अक्षरं जोडून ‘स्टॅक्स’ नाव ठेवलं. जिथे पूर्वी गोळ्या-चॉकलेटं विकायचे तिथे एस्टेलने रेकॉर्डचं दुकान थाटलं. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच ठेवला. अशा खोलीत ड्रम नि ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) यांना जी जाडी येते ती सपाट खोलीत येत नाही. घरचा बँड बुकर टी. अँड द एमजीज, त्यात दोन कृष्णवर्णीय आणि दोन गोरे. त्या काळच्या मेम्फिसमध्ये हे चौघं एकत्र काम करत होते, ही साधी गोष्ट नव्हती.

त्यांची एक सवय कान देऊन ऐका. १९६५ साली विल्सन पिकेटचं ‘इन द मिडनाइट अवर’ तिथे रेकॉर्ड होत असताना निर्माता जेरी वेक्सलर यांनी न्यूयॉर्कची पोरं तेव्हा कशी नाचतात ते स्टुडिओतच नाचून दाखवलं. ते बघून गिटारवाला स्टीव्ह क्रॉपर आणि ड्रमर अल जॅक्सन यांनी दुसरा आणि चौथा ठोका केसभर उशिरा टाकायला सुरुवात केली. ओटिसच्या त्यानंतरच्या रेकॉर्डमध्ये हा उशीर सारखा भेटतो. गाणं मागे ओढल्यासारखं वाटतं, आणि आपली मान आपोआप हलते ती त्यामुळेच.

तिथून जवळच निर्माता विली मिचेलचा रॉयल स्टुडिओ. तेही जुनं सिनेमागृहच, तिथेही उतार. पण तिथला आवाज दबका आणि ऊबदार, सगळे जणू हळू बोलतायत. अल जॅक्सन तिथेही वाजवायचा. एकाच माणसाचा हात दोन खोल्यांत किती वेगळा लागतो, हे अल ग्रीन आणि ओटिस पाठोपाठ लावून बघा.

डेट्रॉइटचं मोटाऊन म्हणजे २६४८, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड इथलं एक साधं घर. बेरी गॉर्डीने १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन धंदा मांडला. त्याआधी तो मोटारींच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर होता, आणि गाण्यांचीही तपासणी त्याने तशीच लावली. दर आठवड्याला बैठक, तीत पास झालेलंच गाणं बाहेर. बेस गिटार वाजवायला जेम्स जेमर्सन. उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने वाजवायचा, आणि गाण्यात काय चाललंय ते बरेचदा गायकापेक्षा त्याच्याकडूनच जास्त कळतं.

फिलाडेल्फियात गॅम्बल आणि हफ ही निर्मात्यांची जोडी, सिग्मा साउंड स्टुडिओ, व्हायोलिनांचा गालिचा. शिकागोत कर्टिस मेफील्ड (प्रश्न ११). अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओचं प्रश्न ६मध्ये येईल.

५. स्टॅक्स की मोटाऊन? एकच घ्यायचं तर?

बेटावर स्टॅक्स. मोटाऊनची १९६०च्या दशकातली गाणी तीन मिनिटांची, मोटारीतल्या रेडिओवर उठून दिसावीत अशा बेताने घडवलेली. त्या कामात त्यांच्या जवळपास कोणी नव्हतं. पण त्या काळातले त्यांचे अल्बम म्हणजे दोन-तीन हिट गाणी आणि बाकी खोगीरभरती. आपला नियम एका अल्बमचा, त्यात सुप्रीम्स आणि फोर टॉप्स मार खातात. अन्याय आहे, पण सोय प्रश्न १२मध्ये केली आहे. १९७१पासून मात्र मोटाऊनचं चित्र पालटतं.

६. अरीथा यादीत हवीच का? सगळ्यांच्या यादीत ती असते म्हणून कंटाळा येतो.

हवीच. सगळ्यांच्या यादीत असते हा तिचा दोष कसा होईल?

ती जन्मली मेम्फिसमध्ये आणि वाढली डेट्रॉइटमध्ये, वडील सी. एल. फ्रँकलिन यांच्या चर्चमध्ये गात. १९६०पासून कोलंबिया कंपनीत तिने बरेच अल्बम केले, पण तिचं काय करायचं ते त्यांना उमगलं नाही. मग अटलांटिक कंपनीच्या वेक्सलरने जानेवारी १९६७मध्ये तिला अलाबामातल्या मसल शोल्सला, फेम स्टुडिओत नेलं आणि पियानोवर बसवलं. समोरचे वादक गोरे. स्पूनर ओल्डहॅमला इलेक्ट्रिक पियानोवर एक अडखळती सुरावट सापडली आणि ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’ उभं राहिलं. त्या दिवशी एवढं एकच गाणं पुरं झालं. नंतर दारू, तिच्या नवऱ्याची तिथल्या लोकांशी बाचाबाची, आणि दुसऱ्या दिवशी सगळा गाशा गुंडाळला. वेक्सलरने मग त्याच वादकांना न्यूयॉर्कला बोलावून अल्बम पुरा करून घेतला.

‘रिस्पेक्ट’ मुळात ओटिस रेडिंगचं. त्याच्या गाण्यात दमून घरी आलेला पुरुष मान मागतो. अरीथाने तेच गाणं बाईच्या बाजूने फिरवलं, शब्दाची अक्षरं सुटी करून म्हटली, मागे बहिणींना उभं केलं, आणि गाणं तिचंच झालं.

माझी निवड ‘लेडी सोल’. ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’ निवडणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. अट एकच, ती स्वतः पियानो वाजवतेय असा अल्बम घ्या. हात पियानोवर असले की तिचं गाणं वेगळ्याच जागा घेतं.

७. ओटिस रेडिंग की सॅम कुक?

या प्रश्नाने मित्रांत अबोला झालेला मी पाहिलाय.

सॅम कुक आधीचा. ‘सोल स्टरर्स’ या गॉस्पेल मंडळीत घडला, १९५७ साली चर्चचं गाणं सोडून बाहेर आला. आवाज इतका सहज की मेहनत दिसतच नाही. अडचण अल्बमची. कंपनीने त्याला गुळगुळीत करून विकलं. जानेवारी १९६३मध्ये मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये तो गायला त्याचं रेकॉर्डिंग कंपनीने फार रांगडं म्हणून ठेवून दिलं. ते बाहेर आलं १९८५ साली, तो जाऊन वीस वर्षं झाल्यावर. सॅम घ्यायचा तर तो अल्बम घ्या. त्यात घसा बसलेला, लोकांना चेतवणारा सॅम आहे.

ओटिसचा ‘ओटिस ब्लू’ जुलै १९६५मध्ये जेमतेम एका दिवसात रेकॉर्ड झाला. मध्ये वादक रात्रीच्या क्लबच्या नोकरीला जाऊन परत आले. सॅम गोळी लागून गेल्याला तेव्हा सात महिने झाले होते, आणि ओटिसने या अल्बममध्ये सॅमची तीन गाणी घेतली आहेत. म्हणजे एक ओटिस नेला की सॅमच्या चालीही बेटावर पोचतात. माझं मत त्यामुळे ओटिसला. सॅम जिथे ओळीवरून अलगद सरकतो तिथे ओटिस तिला धरून हलवतो, आणि दोघांतला फरक एकाच गाण्यात मोजता येतो.

‘डॉक ऑफ द बे’ हवं असेल तर मात्र १९६८चा अल्बम न्यावा लागेल. ते रेकॉर्ड झालं आणि काही दिवसांतच, १० डिसेंबर १९६७ला, विस्कॉन्सिनमधल्या तळ्यात त्याचं विमान कोसळलं. वय २६. बार-केज या साथीच्या बँडमधली चार पोरंही त्यात गेली. समुद्राकाठी बसून काही न करण्याबद्दलचं गाणं बेटावर नेणं मला जरा जास्तच होईल.

८. मार्विन गे आणि स्टीव्ही वंडर दोघांनाही जागा द्यावी का?

हो. दोघं एकाच कंपनीचे, पण साम्य तिथेच संपतं.

‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हे गाणं काढायला गॉर्डी तयार नव्हता. जानेवारी १९७१मध्ये ते आलं, तुफान खपलं, आणि मग अल्बमची घाई सुरू झाली. युद्धावरून परतलेला भाऊ, हाताला काम नाही, हवा-पाणी नासलेलं: मोटाऊनने असे विषय तोवर क्वचितच दारात येऊ दिले होते. या गाण्यात मार्विनचा आवाज दुहेरी ऐकू येतो तो अपघाताने. इंजिनिअरने तुलनेसाठी दोन टेक टेपवर आणले, ते एकत्र वाजले आणि मार्विनला तेच भावलं. जेमर्सनला म्हणे क्लबमधून शोधून आणलं आणि तो इतका प्यायलेला होता की उताणा पडून वाजवलं. कथा खरी असो-नसो, बेस ऐकताना ती पटते. हा अल्बम अंधारात, सलग, दुसरं काही न करता ऐका.

स्टीव्हीने १९७१ साली वयाची २१ वर्षं पूर्ण होताच कंपनीशी नव्याने करार केला आणि आपल्या संगीताचा ताबा स्वतःकडे घेतला. पुढच्या पाच वर्षांत अल्बमची जी रांग लागली तिच्यातले तीन ‘अल्बम ऑफ द इअर’चे ग्रॅमी घेऊन गेले. बहुतेक लोक ‘साँग्स इन द की ऑफ लाइफ’ (१९७६) नेतात, कारण त्यात दोन एलपी आणि वर चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड. नियमात बसतं, एक अल्बमच तो. पण मी ‘इनरव्हिजन्स’ (१९७३) नेतो. नऊ गाणी, त्यातलं एकही उचलून बाजूला ठेवता येत नाही. मोठ्या अल्बममध्ये मी सुई उचलतो, हे कबूल करायला हरकत नाही.

९. सगळं रडवेलं झालं. नाचायला काही?

जेम्स ब्राउन, ‘लाइव्ह अ‍ॅट द अपोलो’. २४ ऑक्टोबर १९६२ची हार्लेममधली रात्र. थेट कार्यक्रमाची रेकॉर्ड खपणार नाही असं कंपनीचे मालक सिड नेथन म्हणाले, तेव्हा ब्राउनने पदरचे पैसे घालून ती करून घेतली. सगळा अल्बम अर्ध्या तासाच्या आसपास, आणि त्यातली दहाएक मिनिटं ‘लॉस्ट समवन’ या एका गाण्याला. तो थांबतो, कुजबुजतो, बायका किंचाळतात, तो पुन्हा थांबतो.

बेटासाठी थेट अल्बमांचा एक फायदा लोक लक्षात घेत नाहीत: त्यात माणसं असतात. डॉनी हॅथवेचा ‘लाइव्ह’ (१९७२) याच कारणाने माझ्या यादीत आहे. १९७१ साली लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमधल्या छोट्या क्लबांत रेकॉर्ड झालेला. ‘यू हॅव गॉट अ फ्रेंड’चे पहिले सूर ओळखून श्रोते ओरडतात, आणि पुढे ध्रुवपद तेच गातात. डॉनी त्यांना गाऊ देतो. एकट्या माणसाला महिन्याकाठी एकदा तरी एवढी गर्दी हवी.

१०. अल ग्रीन की बिल विदर्स? रात्रीसाठी एकच जागा उरली आहे.

अल ग्रीन आला तेव्हा त्याला ओटिससारखं गर्जायचं होतं. विली मिचेलने त्याला आवाज खाली आणायला लावला, आणि त्या खाली आणलेल्या आवाजात सगळी जादू निघाली. ‘आय अ‍ॅम स्टिल इन लव्ह विथ यू’ (१९७२) या अल्बममधलं ‘लव्ह अँड हॅपिनेस’ सुरू होताना टीनी हॉजेसची गिटार एकटी येते, पायाने धरलेला ठेका ऐकू येतो आणि मग बँड आत शिरतो. या दहा-बारा सेकंदांसाठी मी हा अल्बम नेतो.

बिल विदर्स उशिरा आलेला. नौदलात होता, मग विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. १९७१च्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तो जेवणाचा डबा हातात धरून त्याच कारखान्यात उभा आहे. ‘एन्ट नो सनशाइन’मध्ये दोन शब्द तो सव्वीस वेळा म्हणतो. तिथे खरी ओळ लिहायची होती, पण बरोबरच्या वादकांनी आहे तेच राहू दे म्हटलं. १९८५नंतर त्याने नवा अल्बम काढलाच नाही, निमूट घरी बसला.

अल ग्रीनच्या गळ्याला सोबत लागते, विदर्स एकट्या माणसाशी बोलतो. बेटावर विदर्स बरा. तरी मी अल ग्रीन नेतो, आणि याला तर्काचा आधार नाही.

११. नेहमीची नावं सोडून कोण?

कर्टिस मेफील्ड हे नाव अनोळखी नाही, पण यादीतून सगळ्यात जास्त वेळा तोच सुटतो. पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर हात बसलेला, म्हणून गिटारही त्याने त्याच सुरांत लावली. दुसऱ्या कोणाला ती वाजवणं अवघड. ‘कर्टिस’ (१९७०) न्या. १९९० साली ब्रुकलिनमध्ये मंचावर दिव्यांचा सांगाडा अंगावर पडून तो मानेखाली लुळा झाला. तरी १९९६चा शेवटचा अल्बम त्याने आडवं पडून, एकेक ओळ करत गायला.

अ‍ॅन पीबल्स: ‘आय कान्ट स्टँड द रेन’ची पावसाच्या थेंबांसारखी सुरुवात कोकणातल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जेम्स कार: ‘द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’ (१९६७) या एका गाण्यासाठी अख्खी जागा देणारे लोक आहेत. ग्लॅडिस नाइट: ‘ग्रेपव्हाइन’ हे गाणं मार्विनच्या वर्षभर आधी तिचं गाजलं होतं, हे विसरलं जातं.

१२. ‘बेस्ट ऑफ’ चालेल का?

१९६७च्या आधी ज्यांचं मुख्य काम सिंगल (एकेका गाण्याच्या) रेकॉर्डवर झालं त्यांना चालेल. सुप्रीम्स, फोर टॉप्स, स्मोकी रॉबिन्सनचे मिरॅकल्स, पर्सी स्लेज, एटा जेम्स. अरीथा, स्टीव्ही, मार्विन, कर्टिस यांना नाही. त्यांनी अल्बम म्हणून जे रचलं ते तसंच न्यायचं. सॅम कुकला सवलत आहे, पण प्रश्न ७ वाचल्यावर ती कोणी वापरेल असं वाटत नाही. चार सीडींचे खोके नाहीत. विचारूही नका.

१३. ग्रुप एक कलाकार धरायचा का? आणि त्यातून फुटलेला गायक?

ग्रुप एक. फुटून स्वतंत्र झालेला गायक दुसरा. म्हणजे कर्टिसचा जुना ग्रुप ‘इम्प्रेशन्स’ घेतला तरी कर्टिस वेगळा मोजला जाईल. जोडगोळीचा अल्बम दोघांच्या नावावर चढतो: मार्विन गे आणि टॅमी टेरेलचा ‘युनायटेड’ (१९६७) नेला तर मार्विनचा दुसरा अल्बम नेता येणार नाही. साथीचे वादक मात्र फुकट येतात. ओटिस आला की बुकर टी. आलाच.

१४. गोरे गायक चालतील?

गाणं चालत असेल तर माणूस चालेल. नेहमी नाव निघतं ते डस्टी स्प्रिंगफील्डच्या ‘डस्टी इन मेम्फिस’चं (१९६९). वादक मेम्फिसचे, वाजवलं मेम्फिसमध्ये, पण तिथे तिला गाता येईना आणि शेवटी आवाज न्यूयॉर्कमध्ये घेतले. फार सुंदर अल्बम आहे. मसल शोल्सचे आणि स्टॅक्सचे गोरे वादक प्रश्न ४ आणि ६मध्ये भेटले आहेत. पण आठही गोरे अशी यादी आली तर मी परत पाठवेन. हे संगीत कोणाच्या घरातून आलं ते दिसायला हवं.

१५. बहुतेक प्रेमगीतंच तर आहेत. यात राजकारण कुठून येतं?

ऑक्टोबर १९६३मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट गावी सॅम कुक आणि त्याच्या मंडळींना ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असलेल्या मोटेलने खोली नाकारली. त्यांनी आवाज चढवला म्हणून पोलिसांनी अटक केली. ‘अ चेंज इज गॉना कम’च्या मागे हा अनुभव आहे. अरीथाचं ‘रिस्पेक्ट’ नवरा-बायकोचं गाणं, पण १९६७च्या अमेरिकेत ते तेवढंच राहणं शक्य नव्हतं. ऑगस्ट १९७२मध्ये स्टॅक्सने लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये तिथल्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीसाठी ‘वॉटस्टॅक्स’ हा जलसा केला, तिकीट एक डॉलर. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. तिकडचा विचार आणि साहित्य मराठीत आस्थेने वाचलं गेलं. गाणं मात्र त्या मानाने फार थोड्यांपर्यंत पोचलं.

१६. अरीथाचा ‘अमेझिंग ग्रेस’ गॉस्पेल आहे. तो सोलच्या यादीत बसतो?

बसतो. जानेवारी १९७२मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री रेकॉर्ड झालेला हा अल्बम धर्मगीतांचाच, पण त्यात मार्विन गेचं एक गाणं आहे आणि ढंग तोच. मात्र अरीथाची जागा त्यातच खर्ची पडते. निव्वळ गॉस्पेल गायक, उदाहरणार्थ महालिया जॅक्सन, या यादीत नाहीत.

१७. नीना सिमोन सोल आहे का?

मला विचाराल तर नाही. तिचा पाया शास्त्रीय पियानोचा, वर जॅझ, ब्लूज, लोकगीत सगळं. पण कोणी तिला यादीत घातलं तर मी खोडणार नाही, कारण खोडायची हिंमत नाही.

१८. गाणं थोर पण माणूस वाईट वागलेला असेल तर?

हा प्रश्न बहुतेक आइक टर्नरवरून येतो. त्याने केलेली मारहाण त्याची बायको आणि साथीदार गायिका टीना टर्नर हिने स्वतः जगाला सांगितली आहे. जेम्स ब्राउनही तुरुंगात जाऊन आला. मी सरसकट नियम करत नाही. बेटावर तुम्ही एकटे आहात, ऐकताना ते आठवून सुई उचलावीशी वाटत असेल तर ती जागा वाया गेली. मला आइकच्या बाबतीत तसं होतं, म्हणून त्याचा अल्बम मी नेत नाही.

१९. मोनो की स्टिरिओ? आणि दुर्मिळ सिंगल?

साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंतचं मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) घ्या. तेव्हा कसब मोनोवर खर्च व्हायचं, कारण ऐकणारे छोट्या रेडिओवर ऐकायचे. जुन्या स्टिरिओत बरेचदा गायक एका कानात आणि ड्रम दुसऱ्या कानात. सत्तरीचं स्टिरिओच.

दुर्मिळ सिंगलांचं वेड उत्तर इंग्लंडचं. विगन कसिनोसारख्या ठिकाणी पोरं रात्रभर अमेरिकेत पडलेल्या गाण्यांवर नाचायची. फ्रँक विल्सनच्या एका १९६५च्या मोटाऊन सिंगलला २००९ साली पंचवीस हजारांहून जास्त पौंड आले. गाणं झकास आहे, पण तीन मिनिटांत जागा संपते.

२०. तुमची यादी एकदाची सांगा.

अरीथा, ओटिस, मार्विन, स्टीव्ही, जेम्स ब्राउन, डॉनी हॅथवे, अल ग्रीन आणि कर्टिस मेफील्ड. अल्बम वर आलेच आहेत. बाहेर राहिल्याचं सर्वात जास्त वाईट वाटतं ते बिल विदर्स आणि ग्लॅडिस नाइटचं. आठांत बाई एकच, हा आक्षेप आला आहे आणि रास्त आहे. अल ग्रीनच्या जागी अ‍ॅन पीबल्स घालून पाहिली. खोली तीच, वादक बरेचसे तेच, पण ‘लव्ह अँड हॅपिनेस’ सुटेना.

२१. रेकॉर्ड प्लेअरची सुई झिजली तर? ती चैनीची वस्तू धरायची का?

नाही. प्लेअर, वीज आणि सुया बेटाकडून. हिऱ्याची सुई साधारण पाचशे ते हजार तास टिकते, आणि तुम्ही ‘ओटिस ब्लू’ दिवसातून चारदा लावणार हे गृहीत धरलेलं आहे. चैनीची वस्तू वेगळी निवडा. नियमाप्रमाणे ती सुटकेच्या कामाची नसावी, त्यामुळे होडी, फोन आणि पोहता येणारा मित्र बाद.